यादी आणि व्याकरण : खेळातले जग केव्हा खरे होते?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम हा खेळ आपल्याकडे अजून फार घरांत पोचलेला नाही, म्हणून आधी थोडक्यात ओळख. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक गेम मास्टर असतो. समोर काय आहे, कोण उभे आहे, दाराच्या पलीकडून कसला आवाज येतो आहे, हे तो सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या पात्राने काय करायचे ते ठरवतात. कुणी दार ठोठावतो, कुणी पहारेकऱ्याला लाच देऊ पाहते. काम जमले की फसले, याची खात्री नसेल तिथे फासे टाकतात. ही गोष्ट आठवड्यामागून आठवडे, कधी वर्षानुवर्षे चालली की तिला कॅम्पेन म्हणजे मोहीम म्हणतात. अशा मोहिमेसाठी अख्खे जग तयार करून देणारे पुस्तक म्हणजे कॅम्पेन सेटिंग.

हा शब्द आता फार स्वस्त झाला आहे. एखाद्या छोट्या साहसकथेच्या शेवटी गावाचा नकाशा जोडला, की वर ‘सेटिंग’ असे छापून येते. दुसरीकडे चारशे पानांचा रंगीत ग्रंथ येतो. त्यात पाच हजार वर्षांचा इतिहास, चाळीस राजांच्या वंशावळी आणि ऐंशी देवांची नावे असतात. तोही सेटिंगच. माझे म्हणणे असे आहे की पानांची संख्या, नकाशाचा आकार आणि नावांची गर्दी यांवरून हा निकाल लागत नाही. निकाल एकाच गोष्टीवर लागतो. पुस्तकात न लिहिलेला प्रसंग टेबलावर उभा राहिला, तर त्या जगाच्या स्वभावाला धरून पुढे काय होईल, हे खेळणाऱ्यांना पुस्तक मिटवून सांगता येते का?

भाषा शिकवणाऱ्या माणसाला हा फरक रोज वर्गात दिसतो. एका मुलाला दोन हजार शब्द पाठ असतात, पण क्रियापद कर्त्याशी जुळवता येत नाही. त्याला बाजारात पाठवले तर तो गप्प उभा राहतो. दुसऱ्या मुलीकडे जेमतेम तीनशे शब्द असतात, पण वाक्य कसे बसते हे तिला कळलेले असते. ती भाजीवालीशी घासाघीस करून येते आणि वर्गात कधी न शिकवलेली दहा वाक्ये बोलून येते. पहिल्याकडे शब्दकोश आहे, दुसरीकडे व्याकरण. सेटिंग म्हणून विकली जाणारी पुष्कळ पुस्तके शब्दकोश असतात. खऱ्या सेटिंगमध्ये व्याकरण असते.

थोडा इतिहास पाहू. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली बाजारात आला, तेव्हा त्यात नियम होते, राक्षस होते, मंत्र होते. तयार जग मात्र नव्हते. ते ज्याचे त्याने करायचे. दोघांचीही स्वतःची जगे होती, आर्नेसनचे ब्लॅकमूर आणि गायगॅक्सचे ग्रेहॉक. ग्रेहॉकचे स्वतंत्र पुस्तक १९८० मध्ये निघाले, तेव्हा ते अवघ्या ३२ पानांचे होते आणि सोबत दोन मोठे, देखणे नकाशे होते. प्रत्येक राज्याला थोड्याच ओळी मिळाल्या होत्या : राजा कोण, लोकसंख्या किती, काय पिकते. ती यादीच होती, हे खरे. पण त्या यादीत शेजाऱ्याशी वैर असलेली राज्ये होती आणि भांडणे मिटलेली नव्हती. बाकीचे गेम मास्टरने भरायचे होते.

पुढे पुस्तके जाड झाली, आणि दोन प्रकारच्या अडचणी आल्या.

पहिली अडचण ‘ड्रॅगनलान्स’मध्ये दिसते. १९८४ पासून निघालेल्या या साहसमालिकेबरोबर कादंबऱ्याही आल्या आणि खूप खपल्या. जग सुंदर होते, ड्रॅगनांचे युद्ध थरारक होते. पण कथा आधीच ठरलेली होती. खेळाडूंनी सहसा त्याच कादंबरीतली पात्रे घ्यायची. एखादे महत्त्वाचे पात्र मध्येच मेले, तर त्याचा मृत्यू संदिग्ध ठेवावा, म्हणजे पुढच्या भागात त्याला परत आणता येईल, अशी सूचनाच पहिल्या भागात होती. फासा काहीही पडो, माणूस मरायचा नाही, कारण पुढच्या पुस्तकात त्याचे काम आहे! याला मी उत्तम कादंबरी म्हणेन, नाटकाची संहिता म्हणेन. सेटिंग म्हणताना मात्र थांबेन. जिथे माझ्या निर्णयाने काही बदलत नाही, तिथे मी पाहुणा असतो, रहिवासी नसतो.

दुसरी अडचण ‘फरगॉटन रिल्म्स’ची. कॅनडातले ग्रंथपाल एड ग्रीनवुड यांनी लहानपणापासून मनात बांधलेले हे जग १९८७ मध्ये करड्या रंगाच्या पेटीतून बाजारात आले. ती पेटी मला आजही आदर्श वाटते. तिच्यात अफवा होत्या, वाटेवरच्या सरायांच्या खबरा होत्या. सेंबिया नावाचा एक प्रदेश तर मुद्दाम मोकळा सोडला होता, गेम मास्टरने स्वतः भरावा म्हणून. नंतर मात्र पुस्तकावर पुस्तक, कादंबरीवर कादंबरी येत गेली. प्रत्येक गल्लीचा मालक ठरला. प्रत्येक मोठ्या संकटासाठी एखादा प्रसिद्ध जादूगार आधीच हजर झाला. मग टेबलावर एक नवीन भीती आली : ‘असे नाही, अमुक पुस्तकात वेगळे लिहिले आहे.’ जगाची माहिती वाढली आणि त्यात राहायची जागा कमी झाली. शब्दकोश इतका जाड झाला की बोलणाराच अडखळू लागला.

आता उलट बाजूची दोन उदाहरणे.

१९९१ साली आलेले ‘डार्क सन’ घ्या. अथास नावाच्या या जगात धातू जवळपास संपले आहेत. तलवारी हाडांच्या, लाकडाच्या, काळ्या काचेसारख्या दगडाच्या. त्या वापरता वापरता तुटू शकतात. नाणी भाजलेल्या मातीची. आणि मुख्य गोष्ट ही की जादू झाडाझुडपांच्या जिवातून निघते. बेफिकीर जादूगाराने मंत्र टाकला की त्याच्या पायाखालच्या जमिनीची राख होते. एवढे तीन-चार नियम सांगितले, की बाकीचे जग आपोआप उलगडते. वाळवंट का झाले? जादूने. लोक जादूगाराचा द्वेष का करतात? भुकेने. विहिरीवर पहारा का असतो? उत्तरासाठी पान उलटावे लागत नाही. खेळाडू स्वतःच म्हणतो, ‘मी मंत्र टाकणार नाही, इथे गावाचे शेत आहे.’ हे वाक्य पुस्तकात कुठेच नाही, पण पुस्तकामुळेच ते सुचले. मी व्याकरण म्हणतो ते हेच.

दुसरे उदाहरण ‘एबेरॉन’. खेळाच्या प्रकाशकांनी २००२ मध्ये नव्या जगासाठी खुली स्पर्धा घेतली. अकरा हजारांवर प्रस्ताव आले आणि त्यातून कीथ बेकर यांचे जग निवडले गेले. पुस्तक २००४ मध्ये आले. त्यात शंभर वर्षांचे युद्ध संपून दोनच वर्षे झालेली आहेत. तह झाला आहे, पण कुणीच जिंकलेले नाही. साइर नावाचा एक देश एका दिवसात नष्ट झाला आणि त्याचे लोक शेजारच्या देशांत निर्वासित म्हणून जगत आहेत. तो नाश कशाने झाला, हे बेकर यांनी मुद्दाम कधीच सांगितले नाही. ते उत्तर प्रत्येक टेबलाने आपले आपण शोधायचे. इथे लेखकाने गाळलेली गोष्ट हीच त्याने दिलेली सर्वांत मोठी देणगी आहे. युद्ध पुन्हा पेटेल या भीतीत प्रत्येक माणूस जगतो, म्हणून सरायचा मालक, रेल्वेतला शिपाई, छावणीतली म्हातारी, सगळ्यांशी बोलण्यासारखे काहीतरी असते.

यावरून माझ्या मते तीन गोष्टी निघतात. जगाचे काही ठाम नियम हवेत आणि ते खेळाच्या नियमांत उतरलेले हवेत; नुसत्या वर्णनात राहिले तर दुसऱ्या आठवड्यात विसरले जातात. काही भांडणे न मिटलेली हवीत, अशी की ज्यात खेळाडूला बाजू घ्यावी लागेल. आणि मोकळी जागा हवी, ती लेखकाच्या आळसाने राहिलेली नको, विचारपूर्वक ठेवलेली हवी.

उर्दू शिकवणाऱ्यांसाठी या विषयात एक विशेष धागा आहे. या खेळासाठी छापलेले पहिले मोठे, सविस्तर जग एका उर्दूच्या प्राध्यापकाचे होते. ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हे १९७५ चे पुस्तक मुहम्मद अब्द-अल-रहमान बार्कर यांचे. हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ तरुणपणी मुसलमान झाले. क्लामाथ या अमेरिकेतल्या आदिवासी भाषेचे व्याकरण त्यांनी लिहिले, ‘अ कोर्स इन उर्दू’ हा परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा मोठा अभ्यासक्रम सहकाऱ्यांसह १९६७ मध्ये केला, आणि पुढे मिनेसोटा विद्यापीठात शिकवले. त्यांच्या टेकुमेल या जगाला स्वतःची भाषा आणि लिपी होती. त्या भाषेत समोरच्याचा दर्जा पाहून ‘तू’ आणि ‘तुम्ही’साठी कितीतरी वेगळी सर्वनामे वापरावी लागतात. तू, तुम आणि आप यांतला फरक शिकवताना ज्याचा घसा बसला आहे, त्याला हे जग कुठल्या मुशीतून आले ते लगेच कळेल.

पण भाषा ही टेकुमेलची शोभा झाली. त्याचे सेटिंगपण दुसरीकडे आहे. पहिल्याच पुस्तकात खेळाडूंची पात्रे छोट्या होडीतून जकाल्ला बंदरात उतरतात. ती परकी आहेत, परक्यांच्या वस्तीतच त्यांनी राहायचे, इथले रीतिरिवाज त्यांना ठाऊक नाहीत आणि एका चुकीने जीव जाऊ शकतो. कुणीतरी आश्रयदाता शोधणे हे पहिले काम. म्हणजे खेळाडूचे अज्ञान आणि पात्राचे अज्ञान एकच झाले. पाचशे पाने आधी वाचून यायची गरजच उरली नाही. दुसरी गोष्ट. या खेळांत शहराखाली भुयारे असतातच, पण ती का असतात हे सहसा कुणी विचारत नाही. टेकुमेलमध्ये दर पाचशे वर्षांनी शहर पाडून, बुजवून त्यावर नवे बांधण्याचा विधी आहे. त्यामुळे प्रत्येक शहराखाली जुनी शहरे आहेत. एका रिवाजातून खेळाला लागणारी भुयारे निघाली, इतिहास निघाला, पुरोहितांची सत्ताही निघाली.

बार्कर यांचे नाव घेतले की पुढची गोष्ट लपवणे अप्रामाणिक ठरेल. ते २०१२ मध्ये वारले. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, त्यांच्या साहित्याचे हक्क सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननेच जाहीर केले की १९९१ मध्ये टोपणनावाने आलेली एक उघड नाझी विचारांची कादंबरी बार्कर यांची होती. मुसलमान झालेला, आपली भाषा जगाला शिकवणारा विद्वान ज्यूंच्या द्वेषाचे पुस्तक लिहितो, हे पचायला जड आहे आणि जडच राहावे. त्यांच्या विद्वत्तेसाठी ते झाकू नये. त्यांचे जग खेळावे की नाही, हे प्रत्येकाने ठरवावे. मी मुलांच्या हाती ते देताना हे सांगितल्याशिवाय देणार नाही. पण यातून सेटिंगबद्दलही एक प्रश्न उभा राहतो. जग रचणारा माणूस कोणते लोक कशासाठी निर्माण करतो, हे पाहणे वाचकाचे कामच आहे.

या खेळांत पूर्वापार एक सोय आहे. प्रत्येक प्राण्याला, कित्येकदा प्रत्येक जमातीला, ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ असा शिक्का असतो. ऑर्क वाईट, म्हणून त्याला मारताना विचार करायचा नाही. पहिल्या दोन तासांच्या खेळाला हे चालते. सेटिंगला चालत नाही, कारण शिक्का मारला की प्रश्न संपतो, आणि प्रश्न संपला की जग संपते. १९९२ मध्ये आलेल्या ‘अल-कादिम’चे मला याच कारणासाठी कौतुक आहे. झखारा नावाचे त्यातले जग अलिफ लैला आणि हॉलिवुड यांच्या मिश्रणातून आलेले, थोडे भडक आहे. ‘शायर’ हा शब्द तर त्यांनी जिन्नांकरवी मंत्र मागवणाऱ्या जादूगाराला लावला. आपल्याला हसू येते, पण शायराच्या कानात जिन्न बोलतो ही समजूत अरबांत खरोखर होती, त्यामुळे ती चूक तशी सुंदर आहे. महत्त्वाचे हे की झखारात ऑर्कसुद्धा बाजारात दुकान टाकून बसतो, तोच कायदा मानतो. मिठाला जागणे, पाहुण्याचे रक्षण, घराण्याची अब्रू यांना तिथे वजन आहे. शत्रूने तुमच्या घरचे मीठ खाल्ले, तर आता काय करायचे? हा प्रश्न टेबलावर तासभर पुरतो.

हे तत्त्व आपल्याला फार परके नाही. उर्दू दास्तानांतला तिलिस्म आठवा. दास्तान-ए-अमीर हमजा लखनौच्या नवलकिशोर प्रेसने ४६ खंडांत छापली, त्यात तिलिस्म-ए-होशरुबाही आहे. एवढा पसारा असूनही ऐकणारा हरवत नाही, कारण तिलिस्मला कायदा असतो. तो कुणीतरी बांधलेला असतो, त्याची मुदत ठरलेली असते, तो तोडणारा ठरलेला असतो, आणि तोडण्याची रीत एका लौहवर म्हणजे पाटीवर लिहिलेली असते. दास्तानगोला रोज नवा किस्सा रचता यायचा तो या कायद्याच्या जोरावर.

मग आपल्या मातीतले सेटिंग कुणी लिहायला घेतले तर? पुण्या-मुंबईत हा खेळ खेळणारी तरुण मुले आहेत, त्यांतल्या कुणाच्या मनात हे येईलच. पहिला मोह किल्ल्यांची यादी करण्याचा होईल. तीनशे किल्ले, शस्त्रांची नावे, पागोट्यांची चित्रे. शिवाय जुना शिक्का तयारच असेल : हे हिंदू, म्हणून या बाजूचे, ते मुसलमान, म्हणून त्या बाजूचे. असे पुस्तक खपेलही. पण ते दख्खन नसेल.

मी १६२६ साल सुचवेन. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा कर्ता झालेला मलिक अंबर नुकताच वारला आहे. मुघल दाराशी आहेत. विजापूर आज मित्र, उद्या वैरी. दोनच वर्षांपूर्वी भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले, त्यांचे सासरे लखुजी जाधव मुघलांच्या बाजूने. आणि त्यानंतर लवकरच शहाजीराजे आदिलशाहीत गेले. इथे धर्माचा शिक्का मारून एकही प्रसंग सुटत नाही. आता व्याकरण द्या. पावसाळ्यात मोठी फौज हलत नाही, दसऱ्याला हलते. जहागीर सुलतान देतो आणि काढूनही घेतो. वतन मात्र पिढ्यांचे, त्यासाठी माणूस धनी बदलेल. दरबाराचा कागद फारसीत, गावचा कागद मोडीत, छावणीतले बोलणे दख्खनीत. जो तिन्ही जाणतो त्याला सगळे बोलावतात आणि कुणी पुरता विश्वास ठेवत नाही. एवढ्यावर एखादी मुलगी म्हणेल, ‘मी मोडी आणि फारसी दोन्ही वाचणाऱ्या कारकुनाची लेक आहे, बाबांच्या दप्तरातला एक कागद मी पळवला आहे.’ तिथून मोहीम सुरू झाली. किल्ल्यांची यादी मग हळूहळू येईल, लागेल तशी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जाड सेटिंग-पुस्तके पुष्कळ लोक खेळण्यासाठी घेतच नाहीत; रात्री वाचत पडण्यासाठी घेतात, आणि त्यात काय वाईट? काहीच नाही. मीही शब्दकोश वाचत बसणारा माणूस आहे. पण वाचनाचा आनंद देणारे पुस्तक आणि खेळायला जग देणारे पुस्तक यांना एकच नाव दिले, की नव्याने शिकणाऱ्याचे नुकसान होते. तो बिचारा महागडे पुस्तक घेतो, तीनशे पाने वाचतो, टेबलाशी बसतो, आणि मित्र विचारतात, ‘बरे, आम्ही इथे काय करायचे?’ त्याच्याकडे उत्तर नसते. तो स्वतःलाच कमी समजतो. खरे तर उत्तर देणे पुस्तकाचे काम होते.

म्हणून पुस्तक घेण्याआधी त्याला चार साधे प्रश्न विचारावेत. इथल्या गरीब माणसाचा दिवस कसा जातो आणि त्याला कुणाची भीती वाटते? माझे पात्र पहिल्या दिवशी कुठे उभे आहे आणि त्याला कशाची गरज आहे? कोणत्या भांडणात दोन्ही बाजूंना थोडी थोडी बाजू आहे? आणि लेखकाने काय न सांगता माझ्यासाठी ठेवले आहे? या चारांची उत्तरे पहिल्या तीस पानांत मिळाली, तर पुस्तक पातळ असले तरी बिनधास्त घ्या. न मिळाली, तर नकाशा कितीही सुंदर असो, तो भिंतीवर लावण्यापुरताच घ्यावा.